कल्टची यादी करू नका, वागणूक तपासा : कर्नाटकच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूर

विषय : धार्मिक गटांची चौकशी कोणत्या आधारावर करावी याबाबत

महोदय,

बुवाबाजीचे एखादे प्रकरण बाहेर आले की चार दिवस एकच मागणी ऐकू येते : असल्या कल्टची, म्हणजे एखाद्या बुवाभोवती फिरणाऱ्या बंदिस्त गटांची, यादी करा आणि त्यांच्यावर बंदी घाला. मागणीमागचा संताप खरा आहे. तरीही ती मान्य करू नका, एवढे सांगण्यासाठी हे पत्र आहे. आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वकिली, मानसोपचार आणि शिक्षण या क्षेत्रांत काम करणारी मंडळी आहोत. यादीऐवजी पोलीस ठाण्यात, उपनिबंधक कार्यालयात आणि सरकारी दवाखान्यात काय तपासता येईल, ते पुढे मांडत आहोत.

यादीचा प्रयोग फ्रान्सने करून पाहिला आहे. १९९५ साली तिथल्या संसदीय समितीने १७३ गटांची नावे छापली. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, तिथल्या पंतप्रधानांनीच परिपत्रक काढून त्या यादीवर विसंबू नका, असे खात्यांना कळवले. यादीचा दोष तिच्या स्वभावातच आहे. नाव आले की पुराव्याची गरज कोणाला वाटत नाही, आणि नाव नसले की तेच प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर लागते. आपल्याकडे तर फलक रंगवून नव्या नावाने दुकान मांडणे मुळीच अवघड नाही. फ्रान्सने २००१ साली जो कायदा केला, तो माणसाच्या दुर्बल अवस्थेचा गैरफायदा घेण्याच्या कृत्याविरुद्ध. कोणाचा देव कोणता, याची चौकशी त्यात नाही.

श्रद्धा विचित्र वाटते म्हणून गट कल्ट ठरत नाही, हे आधी खात्याच्या गळी उतरायला हवे. दिगंबर जैन मुनी हाताने केस उपटतात, पिंछी-कमंडलूपलीकडे जवळ काही ठेवत नाहीत. माळ घातलेला वारकरी दारू-मांस सोडतो आणि आषाढीला घरदार मागे ठेवून चालू लागतो. बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांनी जे मांडले, तेही त्या काळच्या धर्ममार्तंडांना असह्यच झाले होते. आणि ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांना वाळीत टाकणारे कोणत्या नव्या गूढ पंथाचे नव्हते, गावातली प्रतिष्ठित मंडळीच होती. म्हणून आमचे प्रश्न मठ, मंदिर, चर्च, दर्गा, सेवाकेंद्र, ध्यानवर्ग सगळ्यांना सारखेच लागू व्हावेत. नव्यालाच लावले तर ते न्यायालयात टिकणार नाहीत, आणि टिकूही नयेत.

घटनेच्या कलम २५ ने धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवले आहे. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, हे प्रामुख्याने त्या धर्माच्या सिद्धांतांवरूनच ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सांगितले. पीएसआयने त्या वादात शिरायचे कारणच नाही. त्याने कृत्य पाहावे.

बेळगाव जिल्ह्याला हे नवे नाही. सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्माची जत्रा कोणी बंद केली नाही. आधी १९३४ साली मुंबई प्रांताने आणि मग १९८२ साली कर्नाटकाने कायदा केला तो मुलीला देवीला सोडण्याविरुद्ध. १९८२ च्या कायद्यात सोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होती, आणि सोडणारे आईबाप किंवा नातेवाईक असतील तर किमान २ आणि कमाल ५ वर्षे. भक्ती राहिली, मोती बांधणे (मुलीला देवीला सोडण्याचा विधी) गुन्हा ठरले. (केसांत जट आली म्हणजे देवीचे बोलावणे, ही समजूत मात्र कायद्याने हटली नाही. ती कात्री घेऊन घरोघर बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी मोडत आणली.) तीच रीत इथे हवी.

मग कल्ट ओळखायचा कसा? रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी तीन खुणा सांगितल्या. तत्त्व मागे पडून हयात नेताच पूजेचा विषय होतो. दबावाने मन वळवण्याची ठरलेली पद्धत असते. आणि वरचे लोक खालच्यांचा पैसा, श्रम किंवा शरीर वापरतात. पहिली खूण एकटी असेल तर तिला काही अर्थ नाही, कारण गुरूला देव मानणे ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. तिन्ही एकत्र आल्या की सावध व्हायचे.

फरक कळण्यासाठी गावातला अखंड हरिनाम सप्ताह पाहावा. पहारे लागतात, वीणा खाली ठेवत नाहीत, लोक रात्र-रात्र जागतात. पण आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, महाप्रसाद होतो आणि माणूस घरी जाऊन झोपतो. मंडप चौकात असतो, येणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. वर्गणीची पावती मिळते, कीर्तनकाराची बिदागी किती ते पोराटोरांना ठाऊक असते. म्हणजे मुदत आहे, जागा उघडी आहे, हिशेब आहे. बंद गटात जागरण तेच असते, पण त्याला शेवटची तारीख नसते. तीन-चार तासांची झोप, अपुरे जेवण, सतत तेच पठण, फोन काढून घेतलेला, घरच्यांशी बोलताना शेजारी कोणीतरी बसलेले. काही आठवडे असे गेले की धडधाकट माणसाचीही निर्णयशक्ती मंदावते. कागदावर सही, संकल्प, दागिन्यांचे ‘समर्पण’ हे सगळे बरोबर त्याच वेळी मागितले जाते. हे श्रद्धेने होत नाही, झोपेच्या अभावाने होते, आणि म्हणून ते तपासता येते.

तपासणी नेमकी कुठे फसते, ते आता सांगतो. आईबाप तक्रार देतात, पोलीस आश्रमात जातात, मुलगी सज्ञान असते. ती सगळ्यांसमोर सांगते, ‘मी माझ्या खुशीने आहे.’ आश्रमानेच तयार केलेला जबाब सही होऊन मिळतो आणि प्रकरण मिटते. सज्ञान माणसाला कुठे राहायचे ते ठरवण्याचा हक्क आहे, यात आमचा वाद नाही. ‘खुशीने आहेस का’ हा प्रश्न मात्र निरुपयोगी आहे. त्याऐवजी तिला आवाराबाहेर, महिला अधिकाऱ्यासमोर, तिच्या भाषेत, गटाशी संबंध नसलेल्या माणसाकरवी साध्या गोष्टी विचाराव्यात. आधार कार्ड कुणाकडे आहे? काल रात्री किती वाजता झोपलीस, किती वाजता उठवले? आईशी शेवटचे एकटीने कधी बोललीस? सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये खात्यातून कोण काढते? आत्ता बेळगावच्या बसमध्ये बसायचे ठरवले तर बसता येईल का? हा शेवटचा प्रश्न वरवरचा वाटेल, तसा तो नाही. शक्ती योजनेत बाईला एसटी फुकट आहे, पण ओळखपत्र दाखवावे लागते. ते आश्रमाच्या कपाटात असेल आणि हातात रोख नसेल, तर दार उघडे असूनही ती बाहेर पडू शकत नाही. मग काही दिवसांनी हीच भेट पुन्हा घ्यावी. पहिल्या भेटीत बहुतेक जण पढवलेलेच बोलतात.

जबरदस्तीने उचलून आणण्याचा सल्ला घरच्यांना कोणीही देऊ नये, ठाण्यातल्या हवालदारानेसुद्धा. अमेरिकेत १९७० च्या दशकात पालकांनी पैसे मोजून मुलांना पळवून आणवले, कोंडून ‘मन साफ’ करायचे प्रयोग केले. त्यातून खटले झाले आणि कित्येक मुले परत गटातच गेली. आपल्याकडेही ते अपहरण आणि डांबून ठेवणेच ठरेल. देवाधर्मावर वाद न घालता, सणावाराला बोलावत राहणे, रोख पैसे न देणे, कागदपत्रांच्या प्रती घरी ठेवणे, एवढे घरच्यांनी सांभाळले तरी परतीची वाट शाबूत राहते.

गट सोडणाऱ्याचे काय होते, ही सगळ्यांत खरी कसोटी. ‘आमच्यात येऊ नकोस’ असे कोणताही गट म्हणू शकतो. मुंबई राज्याने १९४९ साली धर्मबहिष्कारविरोधी कायदा केला, तेव्हा बेळगाव त्याच राज्यात होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात तो रद्द केला. धार्मिक कारणावरून सदस्याला काढण्याचा अधिकार धर्मसंस्थेच्या स्वातंत्र्यात येतो, असे त्यात म्हटले गेले. त्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. काढणे हा एक भाग झाला. पण बहिणीचे ठरलेले लग्न मोडायला लावणे, दुकानावर जाऊ नका असे फिरून सांगणे, मार्कलिस्ट अडकवून ठेवणे, ‘गेलास तर सहा महिन्यांत घरात मयत होईल’ असे सांगणे हा दुसरा भाग, आणि त्यावर हात टाकायला कोणत्याही पीठाची वाट पाहावी लागत नाही. दैवी कोपाची भीती घालून माणसाला काही करायला किंवा टाळायला लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५४ खाली गुन्हा आहे, १ वर्षापर्यंत कैद. इंग्रजांच्या दंड संहितेत तो कलम ५०८ म्हणून होताच. ठाण्यात हे कलम कोणाला सहसा आठवत नाही. डांबून ठेवल्यास कलम १२७, धमकीला ३५१. खात्याने ठाण्यांना परिपत्रक काढून त्यात हे तीन आकडे ठळक छापले तरी बराच फरक पडेल.

पैशाची चढण ठरलेली असते. सुरुवात नारळ आणि १०१ रुपयांनी. मग ‘सेवा’, मग दोष निघतो आणि त्याच्या निवारणाचा विधी, मग सोने. त्यानंतर बचत गटातून किंवा मायक्रो फायनान्सकडून बाईच्या नावावर कर्ज, आणि शेवटी वटमुखत्यारपत्र किंवा बक्षीसपत्र. प्रत्येक पायरीवर आधीची रक्कम वाया जाईल ही भीती पुढची रक्कम काढून घेते. चौकशी अधिकाऱ्याने एकूण किती दिले हे विचारण्याआधी कोणत्या पायरीला पावती मिळणे बंद झाले, ते विचारावे. बहुधा शोषण तिथून सुरू झालेले असते.

शेवटच्या पायरीवर कायदा बऱ्यापैकी मजबूत आहे, फक्त लोकांना तो उशिरा कळतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६ मध्ये अनुचित प्रभावाची व्याख्या आहे. परलोकी कल्याण व्हावे म्हणून एका वृद्धाने आपली सगळी मिळकत गुरूला लिहून दिली, तो व्यवहार अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८९० साली रद्द ठरवला. म्हणजे हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. पण दावा लावायची मुदत, दस्त रद्द करण्याजोगी वस्तुस्थिती कळल्यापासून ३ वर्षे, एवढीच असते. दस्ताचा उतारा हाती येईपर्यंत आणि घरात भांडणे होईपर्यंत ती निघून जाते. सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने जमीन दिली असेल आणि सांभाळ झाला नसेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ वापरता येते. तो अर्ज वकिलाशिवाय, प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे बेळगाव, बैलहोंगल किंवा चिकोडीला करता येतो. त्यासाठी दस्तात सांभाळाची अट लिहिलेली असणे फार महत्त्वाचे.

इथे सीमाभागातली खास अडचण येते. दस्त कन्नडमध्ये, देणारी म्हातारी फक्त मराठी समजणारी, आणि ‘वाचून दाखवले, समजले’ हे लिहिणारा गटाचाच माणूस. महसूलमंत्र्यांशी बोलून उपनिबंधकांना एक सूचना द्यावी : ६० वर्षांवरील व्यक्तीने धार्मिक संस्थेला किंवा गुरूला बक्षीसपत्र करून दिले, तर ते तिच्या भाषेत, लाभार्थ्याशी संबंध नसलेल्या माणसाने वाचून दाखवावे, त्याचे नाव दस्तात यावे, आणि त्या वेळी लाभार्थी पक्षाचे कोणी खोलीत नसावे. जपानने डिसेंबर २०२२ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. दैवी भीती घालून देणगी मागणे आणि कर्ज काढून किंवा राहते घर विकून देणगी द्यायला लावणे, दोन्ही तिथे मना आहे. आम्ही तूर्त एवढेही मागत नाही.

आता औषधे. कल्टमधले मृत्यू म्हटले की लोकांना १९७८ चे जोन्सटाउन आठवते, जिथे एका दिवसात नऊशेहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे माणसे एकेक करून, घरात जातात, आणि दाखल्यावर कारण आजाराचे असते. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन थांबले तर काही दिवसांत रक्तात आम्ल साचून जीव जातो. फिट्सची गोळी एकदम बंद केली तर न थांबणारे झटके येऊ शकतात. टीबीचा साधा कोर्स ६ महिन्यांचा आहे. दोन महिन्यांत खोकला कमी होतो, ‘अंगाऱ्याने गुण आला’ म्हणून गोळ्या सुटतात आणि पुढे औषधाला दाद न देणारा टीबी घरभर पसरू शकतो.

सर्वांत फसवा प्रकार मनोविकाराच्या गोळ्यांचा. त्या बंद केल्यावर पहिले काही दिवस रुग्ण तरतरीत दिसतो, कारण सुस्ती, जडपणा हे दुष्परिणाम ओसरलेले असतात. श्रेय बाबांना मिळते, साक्षीदार तयार होतात. आजार उलटतो तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि तेव्हा सांगितले जाते की घरच्यांची श्रद्धा कमी पडली. मग साखळी. २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने साखळीने बांधायला पूर्ण मनाई केली आहे. कलम ६५ प्रमाणे मनोरुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या जागेला नोंदणी लागते, मग ती देवस्थानाच्या आवारात का असेना. अशा जागांची पाहणी जिल्हा मानसिक आरोग्य पथकाने पोलिसांसोबत करावी, पण आतल्या रुग्णांना धारवाडच्या डिमहान्स या मनोरुग्णालयात किंवा बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयात खाट मिळेल याची सोय आधी करून. नाहीतर साखळी सुटते आणि माणूस रस्त्यावर येतो, मग घरचे त्याला दुसऱ्या दरबारात नेऊन बांधतात.

कर्नाटकाचा अमानुष दुष्ट प्रथा आणि काळी जादू प्रतिबंधक कायदा २०१७ साली झाला आणि जानेवारी २०२० मध्ये लागू झाला. शिक्षा १ ते ७ वर्षे, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणे त्यात थेट गुन्हा आहे. कायदा चांगला आहे, पण त्याचा रोख शरीरावरच्या अघोरी कृत्यांवर आहे. वर सांगितलेली हळूहळू होणारी लूट आणि तोडलेली नाती त्यात फारशी येत नाहीत. म्हणून एकाच कायद्याचा फलक ठाण्यात टांगून काम भागत नाही.

मुलांबाबत थोडक्यात, कारण इथे कायदा स्पष्ट आहे. मुले निवासी असतील तर बालन्याय कायद्याच्या कलम ४१ खाली नोंदणी लागते की नाही, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने जागेवर जाऊन ठरवावे. विनानोंदणी संस्थेला कलम ४२ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख दंड आहे. पोक्सोत धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या माणसाने तिथल्या मुलावर केलेला लैंगिक अत्याचार जास्त गंभीर धरला जातो, आणि माहीत असून न कळवणे हाही गुन्हा आहे. वेदपाठशाळा, मदरसे आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था शिक्षण हक्क कायद्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे शाळेतून दाखला काढून नेलेले मूल एसएटीएस या राज्याच्या विद्यार्थी-नोंद प्रणालीत पुन्हा कुठेच दिसले नाही, तर मुख्याध्यापकाने बालकल्याण समितीला कळवण्याची सक्ती करावी.

राहिला सीमेचा प्रश्न. गटाचे मुख्य पीठ कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्यात, सेवाकेंद्र निपाणीत किंवा कागवाडला, आणि भक्त दोन्हीकडचे. इथले ठाणे म्हणते ट्रस्ट महाराष्ट्रातला, तिकडचे म्हणते घटना कर्नाटकातली. झिरो एफआयआरची, म्हणजे घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी तक्रार नोंदवून घेण्याची, तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. हद्दीचे कारण सांगून तक्रार परत करता येत नाही. महाराष्ट्रातल्या ट्रस्टची स्थिती धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीचा, उतारा काढला की कळते. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. कागदावरचे विश्वस्त आणि प्रत्यक्ष पैसे घेणारे वेगळे आहेत, हे बरेचदा या उताऱ्यावरूनच उघड होते. बेळगाव आणि कोल्हापूरच्या पोलीस अधीक्षकांनी या कामासाठी प्रत्येकी एक अधिकारी नेमून त्यांचे क्रमांक दोन्हीकडच्या ठाण्यांत द्यावेत.

तक्रार मराठीत दिली म्हणून परत पाठवू नये. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिला आहे. भाषांतर करून घेणे हे कार्यालयाचे काम आहे. वरचे प्रश्न आणि कलमे एका पानावर, एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला मराठीत छापून सीमाभागातल्या तालुक्यांची ठाणी, उपनिबंधक कार्यालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे इथे लावावीत. त्याखाली ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक द्यावेत. मराठी मजकूर तपासून देण्याचे काम आम्ही विनामोबदला करू.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील वकील, मानसोपचार कार्यकर्ते व शिक्षक